चाळीस कोयत्यांचा प्रकल्प

माझ्या शेवटच्या नोकरीत मी ज्यांना शिकवलं, त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे मी पाहिलेले नाहीत. रस्त्यात ते माझ्या शेजारून गेले तर मी ओळखणार नाही. बोलले तर मात्र ओळखेन.

श्रीरामपूरच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झाल्यावर मी पुण्यातल्या एका संस्थेचं काम घेतलं. ही संस्था नोकरी करणाऱ्या लोकांना व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घरबसल्या, इंटरनेटवरून शिकवते. मोठमोठ्या शहरांतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं आधीच चित्रित करून ठेवलेली असतात. विद्यार्थ्यांनी ती सवडीनं पाहायची. माझ्यासारख्याला ‘मेंटर’ म्हणत. दर रविवारी सकाळी थेट वर्ग घ्यायचा, शंका सोडवायच्या, स्वाध्याय तपासायचे आणि प्रत्येकाला एका प्रकल्पासाठी मार्गदर्शन करायचं, एवढं माझं काम. कॉलनीतले लोक याला ‘सरांचं मोबाईलवरचं कॉलेज’ म्हणत. “सर, तुमच्या कॉलेजला कँटीन आहे का हो?” असं शेजारचे मेडिकलवाले दर दिवाळीला विचारत आणि स्वतःच हसत.

माझे विद्यार्थी म्हणजे पतसंस्थेतले अधिकारी, दवाखान्यातल्या मुख्य परिचारिका, दूध संकलन केंद्राचे पर्यवेक्षक, कारखान्यांतले शिफ्ट सांभाळणारे इंजिनियर. बढतीसाठी पदवी हवी म्हणून आलेले. कॉलेजातला मुलगा वर्गात येतो तेव्हा त्याला दुसरं काही काम नसतं. हे लोक आठवडाभर सगळी कामं करून, रविवारची झोप मोडून यायचे. कॅमेरा कुणीच लावत नसे. रेंजचं कारण सांगत, पण घर दिसू नये, लुंगी दिसू नये हेही कारण असे. माझ्यासमोर पडद्यावर काळे चौकोन, आणि प्रत्येकात नावाचं एक इंग्रजी आद्याक्षर. मी त्या अक्षरांना शिकवायचो.

या कामात माझी बायको वसुधा माझ्या शेजारी बसायची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. पहिल्याच रविवारी माझी फजिती तिनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली. बोलायचं, पडद्यावरची पानं उलटायची, कुणाचा माईक चालू राहिला तो बंद करायचा, खाली येणारे लेखी प्रश्न वाचायचे, हे सगळं एका माणसाच्यानं होईना. ती हात पुसत आली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, “सरका. तुम्ही फक्त बोला.”

त्यानंतर माझ्या वाट्याला फक्त बोलणं राहिलं. दारसुद्धा तिच्याकडे होतं. दार म्हणजे असं, की विद्यार्थ्यानं लिंक दाबली तरी तो लगेच वर्गात येत नाही. तो बाहेर थांबतो, आणि ‘थोडा वेळ थांबा, आपल्याला आत घेतलं जाईल’ असं त्याला पडद्यावर दिसतं. आतून कुणीतरी एकेकाला आत घ्यावं लागतं. वसू शाळेतल्या हजेरीसारखी नावं पुटपुटत एकेकाला आत घ्यायची. चेहरे नसल्यामुळे तिनं त्यांना आवाजावरून नावं ठेवली होती. राजूरकडचा एक ग्रामसेवक रेंज मिळावी म्हणून घरामागच्या टेकाडावर जाऊन बसायचा. त्याच्या माईकमधून सतत वारा येई. तो ‘वारा’. कोपरगावची एक परिचारिका ‘कुकर’. तिच्या शिट्ट्या मोजून आमची कधी कधी मधली सुट्टी व्हायची.

एकदा मी खेळतं भांडवल शिकवत होतो. पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत सांगितली, सूत्र सांगितलं. काळे चौकोन गप्प. वसूनं खाली मराठीत टाइप केलं, “सुगी येईपर्यंत घर चालवायला जे हाताशी लागतं ते.” लगेच सगळ्यांचे अंगठे वर आले. पुढे मला कळलं, की मुलं माझ्या पानांचे नाही, तिच्या या ओळींचे फोटो काढून ठेवत. मला याचं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

संस्थेच्या दृष्टीनं मेंटर एकच होता. करारावर माझं नाव होतं.

अंबादास आमच्या पाचव्या तुकडीत होता. पाथर्डी तालुक्यातला, कोपरगावच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात शेतकी खात्यात मदतनीस. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. तो स्वतः लहानपणी उसाच्या फडातच वाढला, मग आश्रमशाळेत शिकला. कारखान्यात तोडणी आणि वाहतूक पाहणाऱ्या सहायक अधिकाऱ्याची जागा भरायची होती. व्यवस्थापनाची पदवी असेल तर ती त्याला मिळणार होती. मात्र हंगामाची मोळी पडायच्या आत. उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकून कारखाना सुरू करतात, त्याला मोळी टाकणं म्हणतात. त्यानंतर जागा मोकळी ठेवणं कारखान्याला परवडत नाही.

“सर, ही जागा हुकली तर परत आमच्या वयाला न्हाई मिळत,” तो म्हणायचा. तो पस्तिशीचा होता.

प्रकल्पासाठी त्यानं विषय घेतला तो त्याच्या रोजच्या कामाचा. ऊस तुटल्यापासून गाळला जाईपर्यंत जो वेळ जातो त्यात साखर घटते. तो वेळ कमी कसा करता येईल? त्यानं चाळीस कोयत्यांच्या एका टोळीचा हंगामभर अभ्यास केला. काम चांगलं होतं. मी वाचलं, भाषा थोडी नीट केली आणि पाठवून दिलं.

उन्हाळ्यात निकाल आला. अंबादास नापास. तपासणाऱ्या हैदराबादच्या बाई होत्या. त्यांनी शेरा मारला होता, की आकडे विश्वासार्ह नाहीत, बसवलेले वाटतात. एका तक्त्यात कामगार चाळीस आहेत, पुढच्या तक्त्यात त्याच टोळीला पिण्याचं पाणी आणि झोपड्या ऐंशी माणसांच्या हिशेबानं दिल्या आहेत. दर माणशी तोडलेला ऊस चाळीसांनी भागला आहे.

मी दोन्ही तक्ते समोर ठेवून पाहत बसलो आणि मला चूक दिसेना. वसूनं चष्मा लावला, पाहिलं आणि हसायला लागली.

“अहो, कोयता!”

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. ऊसतोडीत कोयता म्हणजे फक्त हत्यार नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मुकादमाशी ठरतं ते कोयत्याचं, आणि ते नवऱ्याच्या नावावर. जोडीदार नसलेला माणूस अर्धा कोयता. अंबादासनं मनात चाळीस कोयते धरले, आणि इंग्रजी तक्त्यात ‘कोयता’ शब्द नको म्हणून त्याजागी ‘कामगार’ लिहिलं. पाणी आणि झोपड्या मोजताना मात्र माणसं मोजली. मी याच जिल्ह्यात जन्मलो, वाढलो. वाचताना माझ्या डोळ्यांनी चाळीसचे ऐंशी आपोआप केले होते. ही चूक आमच्या बाजूच्या माणसांनाच करता येते.

अंबादासचा फोन आला. “मी खोटं लिव्हलं असं म्हनत्यात की वो सर! नापास केलं त्याचं काय न्हाई. पन खोटं?”

फेरतपासणीची एक संधी असते. त्यात मेंटर, विद्यार्थी आणि परीक्षक पडद्यावर समोरासमोर बसतात. त्या दिवशी अंबादासनं पहिल्यांदा कॅमेरा लावला. पांढरा शर्ट घातलेला, केसांना पाणी लावलेला सावळा माणूस. वसू मला हळूच म्हणाली, “हा असा आहे होय! मला वाटलं होतं जाडा असेल.”

मी कोयता समजावून सांगितला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, की तुमच्या पद्धतीत दोन माणसं काम करतात आणि एक मोजलं जातं, हे मला समजलं. पण हा व्यवस्थापनाचा प्रकल्प आहे, मग यात त्या चाळीस बायका कुठे आहेत?

अंबादास प्रकल्पाची पानं चाळू लागला. मीही.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी प्रामाणिकपणाबद्दलचा शेरा मागे घेतला आणि प्रकल्प दुरुस्त करून परत द्यायला आषाढअखेरपर्यंतची मुदत दिली. मृण्मयी म्हणून पुण्याच्या कार्यालयातली समन्वयक मुलगी होती, तिनं ते नोंदवून घेतलं आणि बैठक संपली.

मला सोपा उपाय दिसत होता. चाळीसच्या जागी ऐंशी लिहायचं, भागाकार परत करायचे, काम संपलं. अंबादासलाही तेच हवं होतं. मोळी जवळ येत होती. पण वसूनं माझ्या हातातून फोन घेतला.

“अंबादास, तुझ्या टोळीतली माणसं आता गावीच असतील ना?”

“व्हय मॅडम, समदी घरीच हायेत.”

“मग जा आणि बायकांची नावं लिहून आण. दिवसभरात कोण काय काम करतं, किती वेळ करतं, तेही त्यांनाच विचार. नवऱ्यांना नको.”

“मॅडम, नावं घालून मार्क थोडंच वाढत्यात?”

“मार्कांसाठी नाही सांगत. माझ्या शाळेतली निम्मी पोरं दिवाळीनंतर फडावर जायची. पटावर बापाचं नाव असायचं. त्यांची आई कोण, हे मला कधी कळलंच नाही.”

तो गेला. दर दोन-तीन दिवसांनी तिथून त्याचा फोन यायचा, आणि तो माझ्यासाठी नसायचा. वसू स्पीकर लावायची. तेव्हा तिची किडनीची औषधं वाढली होती आणि ती बहुतेक वेळ पलंगावरच असायची. पण हे फोन तिनं उठून बसून ऐकले.

“मॅडम, एका गड्याला म्हनलं बायकोचं नाव सांग. तो म्हनतो, थांब. आन् घरात वराडला, ‘ये सुमनचे आई, तुझं कागदावरचं नाव काय गं?’ आतून ती म्हनली, ‘पंदरा साल झाली, आज इचारतुस व्हय रे?’”

वसू इतकी हसली की तिला खोकला आला.

“आन् एक आजी म्हनली, माझं नाव लिव्हून कारखान्याला काय गोडी यायची हाय का? मी म्हनलं, आजी, साखर तुमच्याच डोक्यावरून जाती की.”

“मग?”

“मग तिनं सांगितलं. पारूबाई. बापाच्या नावासकट.”

नावांबरोबर माहितीही आली. मोळ्या वाहून न्यायला गाडी दूर उभी असेल तर बायकांचा किती वेळ जातो, हे कुणी मोजलेलंच नव्हतं. तुटलेला ऊस फडात पडून राहण्याचं एक कारण तेच निघालं. नवऱ्यांना विचारून ते कळलं नसतं, कारण ते तोवर पुढच्या सरीत गेलेले असतात. गाडी फडाच्या कडेशी आणायला वाट ठेवली तर वेळ वाचतो, अशी शिफारस अंबादासनं केली. पहिला प्रकल्प चांगला होता. हा खरा होता.

त्यानं तो आषाढात पाठवला. पहिल्या पानावर व्याख्या होती. कोयता : नवरा आणि बायको, कामाला दोन, मोजायला एक, नाव नवऱ्याचं. वसूला मी ते वाचून दाखवलं. “स्वल्पविराम बरोबर दिलेत,” ती म्हणाली. तिला दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. त्यानंतर ती घरी आली नाही.

त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. हा लेख कामाविषयी आहे.

तिचे दिवस झाल्यानंतरच्या रविवारी मी वर्ग घेतला. संस्थेनं सुट्टी देऊ केली होती, पण घरात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शेजारची खुर्ची तशीच होती. मी संगणक सुरू केला, पानं लावली आणि बोलायला लागलो. विषय होता नेतृत्व. उदाहरणं चांगली सुचत होती. शंका विचारा म्हटलं, कुणी विचारली नाही. याची मला सवय होती. मी पुढे गेलो. बराच वेळ बोललो असेन. मग फोन वाजला.

“सर,” अंबादास म्हणाला, “आमी समदे भाईर उभे हाओत.”

“कुठे बाहेर?”

“वर्गाच्या भाईर. तुमी दार उघडलं न्हाई.”

मी पडद्याकडे पाहिलं. काळे चौकोनही नव्हते. नुसता मीच होतो, कॅमेऱ्यातला. कोपऱ्यात, जिथे वसू पाहायची आणि मी कधी पाहत नसे, तिथे तीसएक नावं उभी होती. ‘वारा’ होता, ‘कुकर’ होती. एकही निघून गेला नव्हता.

“थांबा,” मी म्हणालो. “कुठलं बटण असतं ते?”

“मला काय ठावं सर. आमी न्हेमी भाईरच असतो.” मग फोनवर कुणीतरी मागून बोललं. अंबादास म्हणाला, “आई बोलू का म्हनती.”

त्याच्या आईशी मी पूर्वी कधी बोललो नव्हतो. अंबादास शाळेत असतानाच तिचा नवरा फडावर वारला होता, एवढं मला माहीत होतं.

“मास्तर,” ती म्हणाली, “अर्धा कोयता झालात की वो.”

भेटायला आलेल्या पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं होतं. आत्मा, नशीब, सुटली बिचारी. मी प्रत्येकाला मान हलवली होती. या वाक्याला मी मान हलवली नाही. मी “हो” म्हणालो.

“अर्ध्याला बी काम असतंय. म्या केलंय की. भावासंगं जोडी लावली आन् धा साल वढली. पन पहिल्या हंगामाला लई चुकतं. मोळी बांधायची म्हनून वाकायचं, आन् तोडायला म्होरं कोनीच नसतंय. तवा चुकलं तर चुकू द्या. आता त्या पोरांना आत घ्या. ताटकळल्यात.”

मी बटण शोधलं. सगळ्यांना एकदम आत घेता येतं, हेही मला तेव्हा कळलं. तरी मी एकेकालाच घेतलं, नाव पुटपुटत. सगळे आत आल्यावर मी नेतृत्वाचा तो पाठ पुन्हा पहिल्यापासून शिकवला. दुसऱ्यांदा तो तेवढा चांगला झाला नाही. खाली लेखी प्रश्न येत होते. ते मला बोलता बोलता वाचता येईनात. थोड्या वेळानं पाहतो तर परिचारिका बाईच सगळ्यांना मराठीत उत्तरं लिहीत होत्या. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

अंबादासचा निकाल भाद्रपदात लागला. पास. हैदराबादच्या बाईंनी बायकांच्या वेळेचा भाग संस्थेच्या नमुना प्रकल्पांत ठेवावा असं सुचवलं होतं. जागा त्याला मिळाली. त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मागे ट्रॅक्टर चालू होता आणि तो ओरडून बोलत होता. “सर, गाडीवाट मंजूर झाली! पयल्याच मीटिंगला!” मग त्यानं आवाज खाली आणला. ट्रॅक्टर चालूच होता. “मॅडमला सांगायचं हुतं,” तो म्हणाला.

मी संस्थेला कळवलं होतं, की ही तुकडी संपली की थांबेन. जोडी लावायची माझी इच्छा नव्हती. शेवटच्या आठवड्यात मृण्मयीचा पुण्याहून फोन आला. तिचा आवाज संकोचलेला होता.

“सर, अंबादासचा प्रकल्प ग्रंथालयात ठेवायला घेतलाय. तर मुखपृष्ठावर त्यानं ‘मार्गदर्शक’च्या पुढे तुमचं नावच नाही लिहिलेलं. ‘एक कोयता’ असं लिहिलंय. हे मी बदलायचं ना?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पहिल्या पानावर व्याख्या वाचली मी,” ती म्हणाली. “म्हणून विचारलं. दोन नावं घातली असती मी, खरंच. पण सिस्टिम एकच नाव घेते, सर.”

“एकच घेते?”

“हो.”

“मग वसुधा लिही.”

“पण सर, मॅडम आपल्या सिस्टिममध्ये नाहीतच. मेंटर तुम्ही आहात. तुमचं नाव कुठे जाणार?”

“तिच्या नावात धरलेलं आहे,” मी म्हणालो. “कोयता तसाच मोजतात.”

पलीकडून कळफलकाचा आवाज आला.

“सर,” ती म्हणाली, “मॅडमच्या नावाचं स्पेलिंग सांगता?”